शून्याखालचं वजन

कॉलेजात रुजू झाल्या त्या दिवशी गायधनी मॅडमनी प्राचार्यांकडे एकच मागणी केली. त्यांना खिडकी नसलेली खोली हवी होती.

आमच्याकडे खिडक्यांवरून भांडणं होत. गंगापूर रोडच्या बाजूची, झाडांची हवा येणारी खोली मिळावी म्हणून माणसं वर्षानुवर्षं वशिले लावत. त्यामुळे युरोपातून परतलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या, सुती साडीतल्या या बाई अंधारी खोली मागताहेत म्हटल्यावर आपल्या ऐकण्यात चूक झाली असं प्राचार्यांना वाटलं. शेवटी त्यांनी जिन्याखालची खोली देऊन टाकली. तिथे क्रीडा विभागाच्या फाटक्या मॅट होत्या, मोडकी बाकं होती आणि कधीकाळी गॅदरिंगला वापरलेला पुठ्ठ्याचा एक किल्ला होता. मॅडम दारात उभ्या राहिल्या. भिंतीला त्यांनी हाताची मागची बाजू लावली, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तशी.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी तापत नाही."

मी तेव्हा त्यांच्याच, फिजिक्सच्या विभागात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. खोली रिकामी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या कामातून मी मॅडमच्या हाताखाली कधी गेलो ते मला कळलं नाही. मला त्यांनी कधी रीतसर विचारलं नाही आणि मीही कधी हो म्हटलं नाही. "सोनवणे, जरा हे धरा," असं त्या म्हणाल्या होत्या. ते मी पुढे निवृत्त झाल्यावरही धरून होतो.

निर्मला गायधनी मूळच्या पंचवटीतल्या. घराणं तीर्थोपाध्यायांचं. त्यांचे वडील, अण्णा, रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करत. मुलीनं फिजिक्स घ्यायला अण्णांची हरकत नव्हती, पण ती नेमकं काय करते हे समजून घेतल्याशिवाय ते कुणाला सांगत नसत. नाशिक, मग पुणे, मग मुंबई आणि तिथून युरोपातली एक मोठी प्रयोगशाळा, असा मॅडमचा प्रवास झाला. तिथे त्या पंधरा-सोळा वर्षं होत्या. आई गेली, अण्णांनी नाशिक सोडायला ठाम नकार दिला, तेव्हा त्या परत आल्या आणि इंदिरानगरात घर घेऊन अण्णांना तिथे घेऊन आल्या. मुंबईत त्यांना चांगली जागा मिळत होती. त्यांनी आमच्या कॉलेजची नोकरी धरली, पण तिकडचं काम सोडलं नाही. ते काम त्या जिन्याखाली घेऊन आल्या.

काम होतं न्यूट्रिनोचं वजन करण्याचं.

स्टाफरूममध्ये कुणीतरी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मॅडमनी डब्यातली भाकरी काढली होती. न्यूट्रिनो हा इतका बारीक कण आहे, त्या म्हणाल्या, की या क्षणी तुमच्या-माझ्या अंगातून ते अब्जावधींनी आरपार जाताहेत आणि आपल्याला पत्ता नाही. त्याला वजन आहे हे आता नक्की ठाऊक आहे, किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही. त्याला पकडून काट्यावर ठेवता येत नाही. मग काय करायचं? ट्रिटियम नावाचा एक जड हायड्रोजन आहे. त्याचा अणू फुटला की दोघं बाहेर पडतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो. ठरलेली ऊर्जा दोघांत वाटली जाते. असं समजा की ही भाकरी दोघांत वाटली. न्यूट्रिनो आपला तुकडा घेऊन पळून गेला, तो काही सापडणार नाही. पण इलेक्ट्रॉनच्या हातातला तुकडा आपण मोजू शकतो. असे कोट्यवधी तुकडे मोजायचे आणि त्यातला सगळ्यात मोठा बघायचा. तो आख्ख्या भाकरीएवढा भरला तर पळालेला अगदी रिकाम्या हातानं गेला. कणभर जरी कमी भरला, तर तो कण हे न्यूट्रिनोचं वजन.

"कणभर म्हणजे किती?" कुणीतरी विचारलं.

"ते कळलं असतं तर मी भाकरी खाल्ली असती," मॅडम म्हणाल्या, आणि मग खरंच खायला लागल्या.

इलेक्ट्रॉनचा तुकडा मोजायचा म्हणजे त्याच्या वाटेत विजेच्या दाबाची भिंत उभी करायची. ती भिंत ओलांडून जे गेले तेवढे मोजायचे. भिंत साधारण साडेअठरा हजार व्होल्टची. ती केसभरही हलता कामा नये, कारण भिंत हलली की तुकड्याचं माप चुकलं. इतका मोठा दाब सरळ मोजता येत नाही. म्हणून विजेला रोखणाऱ्या रेझिस्टरांची एक लांब साखळी लावून त्याचे समान वाटे पाडतात, आणि एक छोटा वाटा मोजून सगळ्याचा हिशेब मांडतात. म्हणजे त्या अवाढव्य प्रयोगाचा सगळा भरवसा शेवटी बोटाएवढ्या रेझिस्टरांवर येऊन थांबतो. गायधनी मॅडम ते रेझिस्टर निवडत. बाजारातून शेकड्यांनी आणत, महिनोन्महिने त्यांच्यातून वीज वाहू देत, आणि जे वागायला स्थिर निघतील तेवढेच ठेवत. या प्रकाराला आम्ही 'मुरवणं' म्हणायचो. मॅडमना तो शब्द आवडे. लोणच्यासारखंच आहे, त्या म्हणत, बरणी सारखी उघडून बघायची नाही.

ऊब हा मुरवणीचा शत्रू. म्हणून जिन्याखालच्या खोलीत एका वेळी एकच माणूस जाई. माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, असं मॅडमनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एकदा विद्यापीठाच्या तपासणी समितीतले चार सदस्य एकदमच आत घुसायला लागले, तेव्हा त्यांनी दारात आडवा हात धरला आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं की चारशे वॅट परवडणार नाहीत, आपण एकेक करून या. समितीनं अहवालात प्रयोगशाळेविषयी एक ओळही लिहिली नाही. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही.

मुलांनी त्यांचं नाव 'कशावरून मॅडम' पाडलं होतं. कुठलंही विधान केलं की त्या शांतपणे विचारत, कशावरून? रागावत कधीच नसत. कुणी जर्नलमध्ये दुसऱ्याची रीडिंग उतरवून आलेख काढला, आणि सगळे ठिपके रेषेवर कवायतीला उभे राहिल्यासारखे आले, तर वही जवळ घेऊन म्हणत, "इतकं छान आलंय म्हणजे कुठेतरी चुकलंय." बिचाऱ्या मुलाला ते ओरडण्यापेक्षा जड जाई.

रेझिस्टर थंडीत कसे वागतात हेही पाहायचं होतं. कॉलेजच्या फ्रीजमध्ये केमिस्ट्रीवाल्यांचा माल असे. माझं गाव पिंपळगाव बसवंत. चुलतभावाचं तिथे द्राक्षांचं कोल्ड स्टोअर आहे. मॅडमना मी सहज बोलून गेलो, आणि दुसऱ्याच रविवारी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर पेटी घेऊन निघाल्या. मार्चचे दिवस, बाहेर ऊन रणरणतं. आत गेल्यावर त्यांनी पिशवीतून स्वेटर काढला, त्यावर शाल, त्यावर अण्णांची कानटोपी, आणि क्रेटच्या रांगांमध्ये एक स्टूल टाकून मीटरकडे बघत बसल्या. तिथल्या मुकादमाला वाटलं, निर्यातीच्या तपासणीवाल्या बाई आल्या. तो धावत सगळे कागद घेऊन आला.

"मॅडम, आपला माल लय चांगला हाय. एक डाग नाय सापडायचा."

"मला द्राक्षं नकोत," मॅडम मीटरवरची नजर न काढता म्हणाल्या, "मला तुमची थंडी हवी आहे."

मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला बाजूला नेऊन समजावलं, पण त्याला ते पटलं नसावं, कारण दुपारी त्यानं मॅडमसाठी निवडक द्राक्षांची एक पेटी आणि आल्याचा चहा आणून ठेवला. मॅडम संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते आणि चेहऱ्यावर फार समाधान होतं. त्यांनी नेलेल्या पेटीतले अर्ध्याहून जास्त रेझिस्टर नापास झाले होते. वाईट निघालेला रेझिस्टर सापडला की त्यांना चांगला सापडल्याएवढाच आनंद होई.

मग टाळेबंदी आली. कॉलेजला कुलूप लागलं. नेमकी तेव्हा सगळ्यात महत्त्वाची खेप मुरत होती. तिकडे मोठं मोजमाप सुरू होणार होतं आणि त्यासाठीची साखळी नाशिकहून जायची होती. मॅडमनी परवानगीसाठी अर्जांवर अर्ज केले. शेवटी सामान घरी न्यायची मुभा मिळाली. आम्ही दोघांनी तोंडाला फडकी बांधून ते सगळं माझ्या गाडीतून इंदिरानगरला नेलं. घरात खिडकी नसलेली जागा एकच होती, ती म्हणजे देवघर.

अण्णांना कसं सांगायचं याची चिंता मॅडमना होती. मी दारात हातपाय धुऊन उभा होतो. अण्णांनी तेव्हा नव्वदी गाठली होती. पाठ ताठ, आवाज खणखणीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, यंत्राला किती दिवस लागतील ते विचारलं, आणि म्हणाले, "देव बैठकीत बसतील. त्यांना कुठे जायचंय?" मग त्यांनी स्वतः एकेक मूर्ती उचलून टीव्हीच्या शेजारी मांडली, आणि पुढचे कित्येक महिने त्यांची पूजा बातम्यांच्या शेजारी चालली.

इंदिरानगरात त्या उन्हाळ्यात वीज वरचेवर जाई. बॅटरी तेवढा वेळ निभावून नेत नसे. मुरवणी मधेच तुटे, पुन्हा सुरू करावी लागे. तरी शेवटी आकडे फार सुंदर आले. आजवरच्या कुठल्याच खेपेचे आले नव्हते इतके. तिकडून घाई होती. मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि खेप पाठवून दिली. त्याच खेपेतले काही रेझिस्टर, भावंडं म्हणू त्यांना, त्यांनी नेहमीप्रमाणे आपल्याकडे ठेवले. तिकडे जेवढी वीज साखळीतल्या एकेकाच्या वाट्याला येईल तेवढीच इथे भावंडांना द्यायची, आणि ती कशी वागतात यावर नजर ठेवायची.

पुढे दीडेक वर्ष सगळं सुरळीत चाललं. तिकडच्या मोजमापाची चर्चा वर्तमानपत्रांत यायला लागली, त्यात नाशिकचं नाव आलं, आणि आमच्या कॉलेजला मॅडम अचानक दिसायला लागल्या. प्राचार्यही बदलले होते. नवे प्राचार्य पाहुण्यांना जिन्याखालची खोली दाखवायला आणू लागले. मॅडम एकेकालाच आत सोडत.

आणि मग तिकडचं उत्तर ऋण आलं.

मला ते समजायला वेळ लागला. एका दुपारी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून मॅडम तिकडच्या लोकांशी कॉम्प्युटरवर बोलत होत्या. बोलणं संपल्यावर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, भाजीवालीच्या काट्यात पिशवी टाकली आणि काटा शून्याच्या खाली गेला, असं झालंय. इलेक्ट्रॉनच्या हातातला तुकडा आख्ख्या भाकरीपेक्षा मोठा भरतोय. असं होऊच शकत नाही. म्हणजे कुठेतरी काहीतरी हलतंय.

तिकडे साठेक माणसं कामाला लागली होती. कुणी चुंबक तपासत होतं, कुणी ट्रिटियमची शुद्धता, कुणी गणित. प्रत्येकाला आपापला भाग वाटून दिला होता. मॅडमना काहीच दिलं नव्हतं. तिकडच्या प्रमुखांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की साखळीवर वेळ घालवू नका, तो एकच भाग असा आहे की ज्याविषयी आपल्याला शंका नाही. मी म्हटलं, मॅडम, केवढा विश्वास आहे तुमच्यावर.

"हो ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तिथे कुणी बघणारच नाही. आपल्यालाच बघायला हवं."

भावंडांची तपासणी दर आठवड्याला होतच होती आणि सगळी रीडिंग उत्तम होती. मॅडम ती रीडिंग पुन्हा पुन्हा काढून बघत बसल्या. चार-पाच दिवस गेले. मग एका सकाळी माझा तास चालू असताना त्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी बाहेर गेलो.

"सोनवणे, आपण मोजायच्या आधी वीज बंद करतो."

"हो. करावीच लागते."

"म्हणजे आपण त्यांना नेहमी आराम करून आल्यावरच बघतो. काम करताना ते कसे असतात ते आपल्याला माहीतच नाही. तिकडेही साखळी उतरवूनच तपासतात."

मी उरलेला तास कसा घेतला ते मला आठवत नाही. वीज चालू असतानाच, चढलेल्या दाबाखाली, आकड्याच्या शेपटाकडचा, दशांशातल्या शेवटच्या घरांतला फरक पकडायचा होता. तसं करणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते आम्ही बनवलं. बनवायला पावसाळा गेला, दिवाळी गेली. कधी सर्किटच जास्त तापे, कधी शेजारच्या बांधकामावरचं वेल्डिंग सुरू झालं की सगळे आकडे नाचू लागत. मॅडम मग वेल्डरच्या जेवणाच्या सुट्टीत रीडिंग घेत. तो मुलगा नंतर नंतर स्वतःच येऊन सांगायला लागला, मॅडम, मी आता जेवायला चाललो, तुम्ही करून घ्या. हे सगळं आपलीच वस्तू खोटी ठरवण्यासाठी चाललं होतं, आणि मॅडमच्या चालण्याबोलण्यात कुठे ढिलाई नव्हती. मला मात्र आतून वाटायचं की काही सापडू नये.

सापडलं. बहुतेक भावंडं जागच्या जागी होती. पण काही, आणि नेमकी देवघरात मुरवणी तुटली त्या दिवसांत यंत्रावर असलेली, कामाला लावली की हळूहळू सरकत होती, आणि वीज बंद केली की निमूट परत जागेवर येत होती. मॅडमनी तीन वेळा तपासलं. मग खुर्चीवर बसल्या. "आकडे फार छान आले होते," एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या कुणाच्या वहीत ते आकडे असते तर त्यांनी ती वही परत पाठवली असती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका संस्थेनं मॅडमचा सत्कार ठेवला होता. प्राचार्यांना मॅडमनी सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, मॅडम, तिकडे कळवायचं ते कळवा, पण निदान सत्कार होऊन जाऊ द्या, मूल्यांकनाची समिती येतेय. मीही त्यांच्या बाजूनं बोललो. म्हटलं, अजून महिनाभर रीडिंग घेऊ, खात्री करू, मग लिहू.

"खात्री झालीय, सोनवणे. तिकडे साठ माणसं नको तिथे खोदतायत. त्यांना एक दिवससुद्धा जास्त का खोदायला लावायचं?"

त्यांनी त्याच दुपारी सगळे आकडे तिकडे पाठवले.

सत्काराला त्या गेल्या. गंगापूर रोडवरचा हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत अण्णा, धुतलेल्या शुभ्र धोतरात. वक्त्यांनी नाशिकच्या रेझिस्टरांनी विश्वाचं वजन केलं वगैरे सांगितलं. शाल झाली, श्रीफळ झालं. मॅडम उत्तराला उभ्या राहिल्या.

"मी तिकडे पाठवलेल्या सामानात दोष आहे," त्या वर्गात बोलत त्याच आवाजात म्हणाल्या. "तो मला याच आठवड्यात सापडला. तो माझ्या निर्णयामुळे राहिला. तिकडे कळवलं आहे. शाल मी घेते, कारण तुम्ही प्रेमानं दिलीत. पण वजन अजून झालेलं नाही. ते करायचं आहे."

आणि खाली बसल्या. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. काहींनी वाजवल्या. आभाराचं भाषण करणाऱ्याची फार पंचाईत झाली.

परत जाताना गाडी मी चालवत होतो. मागे बापलेक.  मुंबई नाक्यापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा अण्णांनी विचारलं, "दुरुस्त होईल?"

"जे मोजून झालंय त्यात दुरुस्ती करता येईल," मॅडम म्हणाल्या. "किती सरकले ते आता माहीत आहे. पण ते रेझिस्टर कायमचे गेले."

"मग मधूनच सांधत बसू नकोस. विधीत चूक झाली की आम्ही पुन्हा संकल्पापासून सुरू करतो. यजमान कितीही घाईत असला तरी."

 दुसऱ्या दिवशी मॅडमनी नव्या रेझिस्टरांची ऑर्डर दिली.

तिकडच्या लोकांनी नाशिकच्या आकड्यांवरून हिशेब दुरुस्त केला. भाकरीपेक्षा मोठा तुकडा भाकरीएवढा झाला. उत्तर शून्याखालून वर आलं आणि शून्याच्या इतकं जवळ येऊन थांबलं की वजन किती हे सांगता येईना, फक्त ते अमुक एवढ्याहून जास्त नाही असं सांगता आलं. जगात यापूर्वी कुणी सांगितलं होतं त्याहून ही मर्यादा खालची होती. निबंधात शेकडो नावं होती आणि त्यात वर्णानुक्रमानं मॅडमचं. प्राचार्यांनी विचारलं, म्हणजे यश की अपयश? मॅडम म्हणाल्या, म्हणजे आणखी खाली जायचं आहे.

पण पुढच्या टप्प्यासाठी साखळी दुसरीकडून घ्यायचं तिकडे ठरलं. पत्र सभ्य होतं. मॅडमच्या प्रामाणिकपणाची त्यात दोनदा स्तुती होती. मला ते फार लागलं. ज्यांना यांनी खड्ड्यातून बाहेर काढलं त्यांनीच यांना बाजूला काढलं, असं मी बोलून गेलो. मॅडमना ते आवडलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिकडे उत्तर लिहिलं, अगदी छोटं. तुम्ही ती साखळी घ्या. माझी तयार झाली की मी आणून देईन. दोन्ही शेजारी लावा आणि कामात असताना दोघींना बघा.

त्याला हो किंवा नाही असं काहीच उत्तर आलं नाही. मॅडमनी काम सुरू केलं.

ती वर्षं मी जवळून पाहिली. त्या निवृत्त झाल्या. कॉलेजनं आणखी वर्षभर खोली वापरू दिली, मग तिथे सर्व्हर ठेवायचे ठरले. मॅडमनी सामान पुन्हा इंदिरानगरला हलवलं, या खेपेला दुप्पट बॅटऱ्यांसकट. अण्णा त्याच हिवाळ्यात गेले. बारावं-तेरावं झाल्यावर मी भेटायला गेलो तर देव पुन्हा बैठकीत आणि देवघरात रेझिस्टर. अण्णा आजारी असतानाही मुरवणी थांबली नव्हती. ते स्वतःच पडल्या पडल्या विचारत, वीज गेली नाही ना? गुडघे दुखू लागल्यावर मॅडमनी स्टूलऐवजी खुर्ची घेतली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा एका आठवड्याची रीडिंग मी घेतली, आणि पट्टी निघाल्यावर त्यांनी ती सगळी पुन्हा घेतली. मला राग आला नाही. मीही निवृत्त झालो होतो, तरी रोज सकाळी तिकडे जात होतो. एक अख्खी खेप त्यांनी केवळ संशय आला म्हणून टाकून दिली. आकडे चांगले होते. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, एकदा वीज जास्त वेळ गेली होती. मी म्हटलं, त्यानं काही बिघडलेलं दिसत नाही. त्यांनी नवा खोका फोडला.

गेल्या फेब्रुवारीत साखळी पुरी झाली. तिकडून पत्र आलं होतं, या आणि लावा. त्या दोन वर्षांसाठी जाणार होत्या.

मी त्यांना ओझरच्या विमानतळावर सोडायला गेलो. तिथून दिल्ली आणि पुढे. सकाळची गार हवा होती. बॅग मी ढकलत होतो आणि पेटी मॅडमच्या दोन्ही हातांत होती, वर जुनी रजई गुंडाळलेली. मला पुढे जाता येणार नव्हतं, म्हणून मी काचेच्या दारापाशी थांबलो. आत लगेचच तपासणीचं यंत्र होतं आणि तिथे एक तरुण पोलीस मुलगी उभी होती. मॅडमनी पेटी पट्ट्यावर ठेवली नाही. कागद पुढे केले. मुलीनं ते वाचले, पेटीकडे पाहिलं.

"यात काय आहे, आजी?" दार उघडं होतं, मला स्पष्ट ऐकू आलं.

मॅडम नेहमी अशा प्रश्नाला ट्रिटियमपासून सुरुवात करत. त्या दिवशी केली नाही.

"माझं काम आहे," त्या म्हणाल्या. "बघायचं तर बघा, पण हळू. पुन्हा पहिल्यापासून करायला आता माझ्याकडे वेळ नाही."

 मुलीनं वरिष्ठाला बोलावलं, त्यानं कागद पाहून मान हलवली, आणि तिनं टेबलावर जागा केली. रजई मॅडमनी स्वतः सोडली. मुलीनं झाकण उघडून आत पाहिलं, कशालाही हात न लावता पुन्हा बंद केलं, आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून स्वतःच पलीकडे घेऊन निघाली. मॅडम तिच्या मागोमाग चालल्या होत्या, जरा लंगडत, रजई खांद्यावर टाकून, तिच्या हातांवरची नजर न काढता.